बर्फाचा स्तूप: अडतं कुठे, पाण्याशी की थंडीशी?

पाटकरी

लडाखच्या बर्फस्तूपांवर (हिवाळ्यात पाणी फवारून उभे केलेले बर्फाचे शंकू) मराठीत जे काही छापून येतं त्यात फोटो झकास असतात आणि आकडे नावापुरते. म्हणून हा धागा. इथे पाणी, पाइप, उष्णता, वितळ असा सरळ हिशोब मांडू. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

पार्श्वभूमी थोडक्यात. लेहला वर्षभरात पाऊस आणि हिम मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं. शेती हिमनद्यांच्या पाण्यावर. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनदी जोमानं वितळू लागते ती जूनमध्ये. मधल्या दीड-दोन महिन्यांत पाट कोरडे. उलट ऐन हिवाळ्यात ओढ्याला थोडं का होईना पाणी असतं, पण तेव्हा ते कुणालाच नको असतं. ते पाणी गावाजवळ गोठवायचं आणि एप्रिलमध्ये वापरायचं, एवढीच मूळ कल्पना.

ती आधी चेवांग नोर्फेल यांनी राबवली, १९८७ पासून. ते स्थापत्य अभियंता, २०१५ साली पद्मश्री. ओढ्याचं पाणी डोंगराच्या सावलीतल्या उतारावर वळवायचं, दगडांचे बुटके बांध घालून त्याची गती मोडायची आणि पायऱ्यापायऱ्यांनी थर गोठू द्यायचे. मग लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हेच पाणी उभं गोठवून पाहिलं: सहा मीटर उंची, सुमारे दीड लाख लिटर, आणि सखल, उन्हाच्या जागी असूनही तो स्तूप १८ मेपर्यंत टिकला. पुढे लेहजवळच्या फ्यांगला सव्वादोन किलोमीटरहून लांब पाइप टाकून मोठा प्रयोग झाला.

उभं का, याचं गणित सोपं आहे. त्रिज्या १० मीटर, उंची २० मीटर असा शंकू घ्या. घनफळ २,०९४ घनमीटर, म्हणजे सुमारे १८.८ लाख लिटर पाणी. त्याची उघडी बाजू ७०२ चौरस मीटर. हाच बर्फ अर्ध्या मीटर जाडीनं जमिनीवर पसरला तर ४,१८९ चौरस मीटर उघडे पडतात. ऊन-वारा खाणारा पृष्ठभाग सहापट.

बांधायची रीत: ३० मीटर उंचावरून पाइपनं पाणी आणलं की खाली साधारण ३ बार दाब मिळतो. पंप नको, वीज नको. मधोमध उभा पाइप, वर फवारा. भोवती काटेरी फांद्यांचा घुमट. तिकडे त्याला सीबकथॉर्न ऊर्फ त्सरमंग लागतो. रात्री पाणी सोडायचं. थंडी जास्त, पाणी जास्त, तर स्तूप मोठा. आणि पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं म्हणून पाइप फुटतो, तेवढं सांभाळायचं.

---

गोठणबिंदू

धागा उत्तम, पण शेवटच्या तीन वाक्यांतली दोन चूक आहेत. "पाणी जास्त तर स्तूप मोठा" हे आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

एक किलो पाणी शून्य अंशावर गोठवायला त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. हा आकडा लिहून ठेवा, पुढे सतत लागेल. स्तूपाला ही उष्णता तीन वाटांनी बाहेर टाकता येते.

पहिली वाट आकाश. शून्य अंशाचा ओला पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट उत्सर्जित करतो. निरभ्र, कोरडं, उंचावरचं आकाश त्यातले १७० च्या आसपास परत देतं. निव्वळ तोटा साधारण १४० वॅट. ढग आले की हा आकडा कोसळतो; मुंबईची ढगाळ रात्र उबदार का वाटते त्याचं कारण हेच.

दुसरी वाट वारा. हवा उणे १५ वर आणि झुळूक बरी असेल तर ७५ ते १५० वॅट.

तिसरी वाट लोक विसरतात: बाष्पीभवन. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २,५०० किलोज्यूल नेतं. २,५०० भागिले ३३४ म्हणजे साडेसात. म्हणजे एक लिटर उडून गेलं तर ते जाताजाता साडेसात लिटर गोठवून जातं. कोरड्या हवेत स्तूप चांगला का बनतो, याचं उत्तर इथे आहे. स्वित्झर्लंडमधलं गुट्टानेन आणि लेहजवळचं गांगलेस इथल्या स्तूपांची हवामानासकट मोजणी करून तुलना झालेली आहे. अधिक थंड आणि कोरड्या गांगलेसला कितीतरी मोठा स्तूप झाला. आल्प्समध्ये थंडी असते पण हवा दमट, ढगही जास्त.

आता बेरीज. खरोखर चांगल्या रात्री तिन्ही मिळून चौरस मीटरला ३०० वॅट धरू. दहा तासांत १०.८ मेगाज्यूल. भागिले ३३४ किलोज्यूल, म्हणजे ३२ किलो बर्फ दर चौरस मीटरला. त्याहून एक थेंब जास्त गोठणार नाही, तुम्ही पूर्ण ओढा वळवलात तरी.

घुमट नुकता बांधलाय, पृष्ठभाग ५० चौरस मीटर: रात्रीत १,६०० लिटर, मिनिटाला पावणेतीन लिटर. स्तूप वाढला, पृष्ठभाग ३०० चौरस मीटर: रात्रीत ९,७०० लिटर, मिनिटाला १६ लिटर. आणि फवाऱ्याला आपण सोडतो किती? सेकंदाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला १२०. मोठ्या स्तूपावरसुद्धा त्यातला सातवा-आठवा हिस्सा गोठतो. बाकी बुडाशी वाहून जातं, आणि जाताना तळ कुरतडतं.

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: अडतं थंडीशी, किंवा नेमकं म्हणायचं तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागाशी. काटेरी घुमट शोभेला नसतो. पहिल्या आठवड्यात पृष्ठभागच नसतो, तो फांद्या पुरवतात.

---

शंकासुर

मग एवढा उपद्व्याप कशाला? मोठं शेततळं खणा, भरा, गोठू द्या. पृष्ठभागच पृष्ठभाग.

---

लादीवाला

शेततळं गोठतं, पण वरवर. बर्फाच्या कारखान्यात हे रोज दिसतं, म्हणून तिथूनच सांगतो.

लादी करायची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी: जस्ताचा मुलामा दिलेले, वर रुंद खाली अरुंद असे पत्र्याचे डबे गोड्या पाण्यानं भरून मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. हे खारं पाणी उणे ८ ते उणे १२ वर ठेवतात. डब्यात बर्फ कडेकडून आत जमत जातो. लागणारा वेळ काढायचा ठोकताळा असा: जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.५५ नं गुणा, खाऱ्या पाण्याच्या तापमानानं भागा. उणे १० वर १० सेंटिमीटरची लादी साडेपाच तासांत, २० सेंटिमीटरची २२ तासांत. जाडी दुप्पट, वेळ चौपट. कारण जमलेला बर्फ स्वतःच गोधडी होऊन बसतो, आतल्या पाण्याची उष्णता त्याच्यातून झिरपत बाहेर यावी लागते.

वेळ वाचवायला खारं पाणी उणे १५-२० वर नेलं तर? लादी तडकते. बाहेरचा थर आकसतो, आतलं पाणी गोठताना फुगतं. फोडताना अशा लादीचे धड तुकडे पडत नाहीत, चुराच फार होतो.

तळ्याचंही तेच. जाडी अंदाजायची रीत म्हणजे गोठण-अंशदिवस मोजायचे. साठ दिवस सरासरी उणे ८ म्हणजे ४८० अंशदिवस. त्याचं वर्गमूळ २१.९, गुणिले ३.५, म्हणजे ७७ सेंटिमीटर. हे सुद्धा वर हिम अजिबात न पडता. बर्फावर हिमाचा थर बसला की ३.५ च्या जागी दोन-अडीचच धरावेत, कारण भुसभुशीत हिम बर्फाच्या मानानं दहापट वाईट वाहक. उरलेलं पाणी खाली पाणीच राहतं, आणि जमीन मुरमाड असेल तर मुरून जातं.

स्तूपात पाण्याचा पातळ पापुद्रा दर वेळी सगळ्यात बाहेर असतो. त्याच्यावर गोधडी नाही. म्हणून जाडी वाढली तरी वेग पडत नाही. नोर्फेल यांच्या पायऱ्यांमध्येही तेच तत्त्व आहे, पाणी थराथरानं वरून सरकतं.

---

शंकासुर

पटलं. शेततळं मागे घेतलं.

---

नळजोड

दुसरी चूक माझ्या विषयातली: "पाणी फुगतं म्हणून पाइप फुटतो." मोकळ्या पाइपात बर्फ धरला तर तो लांबीच्या दिशेनं सरकतो, पाइप सहसा फुटत नाही. फुटतो कधी, तर एकीकडे बर्फाचा बूच आणि दुसरीकडे बंद व्हॉल्व्ह, मध्ये कोंडलेलं पाणी. बूच वाढत जातो, पाण्याला जायला जागा नाही, दाब चढत जातो आणि सगळ्यात कच्चा सांधा जातो. म्हणून पाइप फुटलेला सापडतो तिथे बर्फ असेलच असं नाही. दुरुस्ती करणारे तिथेच खणत बसतात आणि खरा बूच पन्नास मीटर वर असतो.

आता पाइपाचा आकार. ७५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, आतून ६६, असा एचडीपीईचा (टणक प्लॅस्टिकचा) पाइप घ्या. सेकंदाला २ लिटर सोडले तर एका किलोमीटरला घर्षणात ५.६ मीटर हेड (मीटर उंचीत मोजलेला दाब) जातं. पैसे वाचवायला ५० मिलिमीटरचा, आतून ४४ चा घेतला तर तेच ४० मीटर! मूळ उंचीच ३० मीटर असेल तर फवाऱ्यापर्यंत धार येणारच नाही. येईल ती निम्म्याहून कमी पाण्याची, आणि कमी पाणी म्हणजे गोठण्याला आमंत्रण.

ते कसं, पहा. उघड्यावर पडलेला ७५ चा पाइप, बाहेर उणे १५ आणि वारा. मीटरमागे सुमारे ५० वॅट जातात. सेकंदाला २ लिटर वाहत असेल तर पाणी दर १०० मीटरला सहा-सात दशांश अंशानं थंड होतं. ओढ्यातून पाणी अर्ध्या अंशावर घेतलं असेल तर ८० मीटरवर ते शून्याला टेकलं. आणि गोठणबिंदू यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी कमी करून सेकंदाला अर्धा लिटर केलं, तर तोच उतार चौपट: १०० मीटरला अडीच अंश. २० मीटरवर खेळ खलास.

खरी कोंडी ही आहे. थंडीच्या हिशोबानं पाणी सोडावं तर पाइप गोठतो. पाइप वाचवायला भरपूर सोडावं तर वाया जातं आणि तळ खातं.

यातून वाट अशी:

१. मुख्य पाइप पुरायचाच, सव्वा ते दीड मीटर खोल. खडक लागला म्हणून मधले दहा मीटर वर ठेवले तर गोठेल तो तिथेच. तेवढ्या तुकड्याला दगड-मातीचा जाड भराव द्या.

२. स्तूपाच्या बुडाशी टी जोडा. एक फांदी फवाऱ्याला, दुसरी परत ओढ्याला किंवा पाटाला. मुख्य पाइपात पूर्ण प्रवाह अखंड चालू ठेवा, फवाऱ्याला हवा तेवढाच काढा. उरलेलं पाणी पाटात गेलं म्हणजे खालच्या गावाचंही हक्काचं पाणी मोडत नाही. लडाखी गावांत पाण्याच्या पाळ्या चुरपोन ठरवतो, त्याला विचारल्याशिवाय ओढ्याला हात लावू नये.

३. उभ्या पाइपाच्या तळाशी, सगळ्यात खालच्या बिंदूला निचऱ्याचा व्हॉल्व्ह. फवारा बंद करायचा क्रम: आधी फवाऱ्याच्या फांदीचा व्हॉल्व्ह बंद, लगेच निचरा उघडा, उभा पाइप पूर्ण रिता झाल्याची खात्री करा आणि निचरा उघडाच ठेवा. उलट क्रम केला किंवा "सकाळी पाहू" म्हटलं की उभा पाइप गेला. तो बर्फाच्या पोटात असतो, मार्चपर्यंत हात लागत नाही.

४. पाइपाच्या वाटेत चढ-उतार असतील तर प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह. नाहीतर हवेचा गोळा अडकतो, प्रवाह मंदावतो, पुढचं सांगायला नको.

५. उभा पाइप लोखंडाचा नको. लोखंड उष्णता एचडीपीईच्या शंभरपटीनं वाहून नेतं.

पूर्ण एक किलोमीटरच्या ७५ च्या पाइपात साधारण ३,४०० लिटर पाणी मावतं. म्हणजे वरचा व्हॉल्व्ह बंद करून सगळं रितं करायचं ठरवलं तर अर्धा तास धरा, दोन मिनिटांचं काम समजू नका.

---

तिरफळ

पाइपाच्या मुखाशी जाळी लावावी का? कचऱ्यासाठी.

---

नळजोड

लावावी, पण ओढ्याच्या खळखळत्या भागात नाही. निरभ्र रात्री उघडं, खवळतं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं आणि त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात, साबुदाण्याच्या लापशीसारख्या. त्या भयंकर चिकट असतात. जाळीला लागल्या की पहाटेपर्यंत जाळी बंद. उपाय जाळी मोठी करणं हा नव्हे. मुखाशी छोटा बांध घालून पाणी संथ करा. संथ पाण्यावर बर्फाची साय धरते, साय धरली की खालचं पाणी आकाशाला उघडं राहत नाही, चकत्या बनायच्या थांबतात. पाइपाचं तोंड त्या सायीच्या निदान हातभर खाली, तळापासून वीतभर वर.

---

गोठणबिंदू

नळजोड यांच्या टी-जोडाला +१. पुढची पायरी म्हणजे तापमान, वारा आणि आर्द्रता मोजून व्हॉल्व्ह आपोआप उघडझाक करायचे. असे प्रयोग झाले आहेत आणि सतत चालणाऱ्या फवाऱ्याच्या मानानं पाणी फारच कमी लागलं.

नोझलबद्दल थोडं. थेंब फार बारीक केले तर वारा उडवून नेतो, धुकं शेजारच्या शेतात जाऊन गोठतं. फार मोठे ठेवले तर थंड न होताच खाली आपटतात. साधारण एक ते दोन मिलिमीटरचा थेंब बरा. झऱ्याचं पाणी ८ अंशावर असेल तर आधी ते शून्याला आणायला किलोमागे ३४ किलोज्यूल जादा, म्हणजे दहा टक्के बर्फ कमी. फारसं बिघडत नाही. पण दिवसा, उन्हात तेच पाणी सोडलं तर ते बर्फात नाळी पाडतं, आणि पडलेली नाळ रात्री बुजत नाही, कारण सगळं पाणी तिच्यातूनच धावतं. म्हणून फवारा सूर्य डोंगराआड गेल्यावर चालू, सूर्य वर यायच्या आधी बंद.

---

द्राक्षबाग

अवांतर होईल, पण हाच ३३४ आमच्या उपयोगाचा आहे का? निफाडकडे पारा उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात. वरून तुषार सोडले तर?

---

गोठणबिंदू

अवांतर अजिबात नाही, हा त्याच नाण्याचा छापा आहे. स्तूपवाल्याला ती उष्णता हाकलायची असते, बागायतदाराला ती पानाला द्यायची असते.

ताशी २.५ मिलिमीटर तुषार म्हणजे चौरस मीटरला अडीच लिटर. ते सगळं पानावर गोठलं तर २३० वॅट मिळतात. निरभ्र रात्रीचा १०० ते १४० वॅटचा तोटा त्यातून भरून निघतो आणि बर्फाच्या कवचातलं पान शून्याच्या आसपास टिकतं. परदेशात सफरचंद-द्राक्षांच्या बागांत हे करतात. पण तीन अटी. एक, पारा खरोखर शून्याला भिडणार असेल तरच. निफाडला तो ४-५ वर अडकला असेल तर पाणी गोठणारच नाही. त्या वेळी ऊब मिळते ती फक्त विहिरीच्या पाण्याची: २५ अंशांवरून उतरताना लिटरला फार तर १०५ किलोज्यूल, तीही आधी. नंतर ओल्या पानावर बुरशीला आमंत्रण. दोन, वारा कोरडा असेल तर तोच साडेसातचा गुणाकार तुमच्या विरुद्ध जातो. तीन, एकदा चालू केलेले तुषार सूर्य वर येऊन कवच वितळू लागेपर्यंत बंद करायचे नाहीत. मध्येच वीज गेली तर ओलं पान कोरड्या पानापेक्षा खाली जातं. रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तर या वाटेला जाऊच नये.

ड्रिप पानाला काही देत नाही, माती ओली करते. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सोडते. तेव्हा ड्रिपचा फायदा आदल्या दिवशी दुपारी सोडल्यास जास्त.

---

तिरफळ

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, तेव्हा बातमीत पारा ४-५ असतो. मग ते कसे गोठतात?

---

गोठणबिंदू

पारा सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेला असतो. गवताचं पातं थेट आकाशाला उघडं, खालून उष्णता न मिळणारं. वारा पडला की ते हवेपेक्षा चार-पाच अंश खाली जातं. वर लिहिलेली पहिली वाट तीच. काहींना तेवढ्यावरून "महाबळेश्वरला स्तूप का नको" असं सुचेल, म्हणून आधीच सांगतो: वर्षातून मोजक्या पहाटे, मिलिमीटरभर जाडीचा बर्फ, दुपारी २५ अंश. कुल्फीसुद्धा टिकणार नाही.

---

लादीवाला

कुल्फीवरून. पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग खडेमीठ का घालतात? मिठानं बर्फ वितळायला लागतो, त्यासाठी लागणारे ३३४ तो आतल्या दुधातून ओढतो. मीठ-पाण्याचं मिश्रण खाली जाऊन जाऊन उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, त्याखाली नाही. याच कारणानं रस्त्यावर टाकलेलं मीठ कडाक्याच्या थंडीत कुचकामी ठरतं. उणे १० च्या आसपासच त्याचा वेग इतका मंदावतो की मग कॅल्शियम क्लोराइड किंवा सरळ रेती.

मासळीचंही याच आकड्यानं. ३० अंशांचा एक किलो बांगडा शून्यावर आणायला साधारण १०५ किलोज्यूल, म्हणजे ३०० ग्रॅम बर्फ पुरला पाहिजे. तरी होडीवर किलोला किलो घेतात. बाकीचा सगळा बर्फ मासळीला नाही, पेटीच्या भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेला जातो. पेटी सुधारा, बर्फ वाचेल. चुरा मासळीच्या खाली, मध्ये आणि वर असा तिन्हीकडे हवा, आणि तळाशी पाणी जायला भोक. वितळलेलं गार पाणी माशावरून ओघळत जाणं हाच तर खरा गारवा.

---

शंकासुर

मग स्तूपाला पेटी का नाही? भुसा घाला, गोणपाट घाला. १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला १८० टन बर्फ असाच झाकून जहाजानं आला होता. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि १०० टनांच्या आसपास उरला होता.

---

पाटकरी

भुसा चालतोच. स्वित्झर्लंडच्या दाव्होसला हिवाळी खेळांसाठी हिमाचा ढीग ४० सेंटिमीटर भुशाखाली उन्हाळाभर ठेवतात, सुमारे तीन-चतुर्थांश उरतो. स्वीडनच्या सुंद्सवाल इथलं रुग्णालय २००० सालापासून लाकडाच्या चिपाखाली साठवलेल्या हिमावर उन्हाळ्यात थंड ठेवलं जातं. वितळलेलं पाणी उष्णता-अदलाबदल यंत्रातून फिरवतात आणि परत ढिगावर सोडतात. भुसा नुसतं कोंडत नाही. तो ओला होतो, वरून सुकतो, आणि सुकताना बाष्पीभवनानं उष्णता उडवतो.

पण लडाखात लाकूडच दुर्मिळ, भुसा आणणार कुठून? शिवाय उभ्या उतारावर भुसा राहत नाही. आणि मुख्य म्हणजे स्तूप वितळायलाच हवा, फक्त ठरल्या वेळी. ऑगस्टपर्यंत टिकवून उपयोग शून्य, तेव्हा ओढा भरून वाहतो.

झाकण्यापेक्षा धूळ सांभाळा. ताजं हिम ८० ते ९० टक्के ऊन परतवतं, उघडा बर्फ ३० ते ५०, मळका त्याहून कमी. बोटभरापेक्षा पातळ मातीचा थर वितळ वाढवतो, चांगला जाड थर उलट झाकण होतो. झांस्कर-लाहौलकडचे शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात: वसंतात शेतातल्या हिमावर मूठमूठ माती फेकायची, म्हणजे शेत लवकर मोकळं होतं. स्तूपाच्या वाऱ्याकडच्या बाजूला कच्चा रस्ता असेल तर तुम्ही न फेकताच ते घडतं. जागा निवडताना हे आधी पाहा.

---

गोंयकार

स्तूपाचा बर्फ दुधी दिसतो, त्यावर एक टीप. फवाऱ्याचं पाणी झटकन गोठतं, विरघळलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही, बुडबुडे अडकतात. लादीच्या मध्यभागी दिसणारा पांढरा गाभाही तोच. अंटार्क्टिकाच्या बर्फातले बुडबुडे वेगळ्या वाटेनं येतात: तिथे पाणी गोठत नाही, हिम दबत जातं. ताजं हिम घनमीटरला ५० ते १०० किलो, दबून ८३० ला पोचलं की छिद्रं एकमेकांपासून तुटतात आणि त्या काळची हवा कायमची कोंडली जाते. वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात असे बर्फाचे गाभे (खोल खणून काढलेले लांब दंडगोल) उणे २० च्या खोलीत ठेवून कापतात. असाच गाभा पूर्व अंटार्क्टिकाच्या डोम सी इथे खणत गेल्यावर ८ लाख वर्षं मागे गेला. स्तूपातल्या बुडबुड्यांतून फक्त परवाची रात्र कळेल.

---

तिरफळ

शेवटचा प्रश्न. किती बर्फ उरलाय हे गावात कसं मोजायचं? ड्रोन वगैरे नाही.

---

पाटकरी

दोरी आणि काठी पुरे. बुडाभोवती दोरी फिरवा, लांबीला ६.२८ नं भागा, त्रिज्या मिळाली. उंचीसाठी सपाट जागी एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली आणि स्तूपाच्या शेंड्याची सावली एकाच वेळी मोजा; शेंड्याची सावली बुडाच्या मध्यापासून धरायची, म्हणजे कडेपासून मोजलेल्या लांबीत त्रिज्या मिळवायची. इथे हमखास चूक होते.

समजा परीघ ३१.४ मीटर, म्हणजे त्रिज्या ५. उंची ९. घनफळ २३६ घनमीटर. त्यातून आतल्या घुमटाची पोकळी वजा करा. २ मीटर त्रिज्येचा अर्धगोल असेल तर १७. उरले २१९, गुणिले ०.९, म्हणजे १९७ टन. आठवड्यानं परीघ ३०.८ आणि उंची ८.४ भरली, तर तसाच हिशोब करून १७५ टन. आठवड्यात २२ टन, दिवसाला सुमारे ३,१०० लिटर. दीडशे रोपांना प्रत्येकी वीस लिटर.

आता पृष्ठभाग १६२ चौरस मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला दिवसाला १९ किलो. उन्हाचे निव्वळ २०० वॅट आठ तास धरले तर उत्तर १७ येतं, तेव्हा मोजणी फार चुकलेली नाही. मग बुडाशी पाट जिथे निघतो तिथे बादली लावून पाणी मोजा. दोरी ३,१०० म्हणतेय आणि बादलीत दिवसाचे दोन हजारच भरतायत, तर उरलेलं थोडं हवेत गेलं आणि बरंचसं तळातल्या मुरमात. पुढच्या नोव्हेंबरात घुमट उभारण्याआधी खाली चिकणमाती ठोकून घ्या.

मूळ लेखातली शेवटची दोन वाक्यं मागे घेतली आहेत.